कानातली फट

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बाईच्या मांडीवर चार वर्षांची मुलगी झोपली होती. डॉक्टरांनी बोलवायच्या आधीच नवऱ्यानं रिपोर्टचं पाकीट फोडलं.

“कानाच्या आतल्या हाडात बारीक फट दिसते, असं लिहिलंय.”

“फट? म्हणजे हाड फुटलंय तिचं?”

“माझ्यामुळे झालं गं हे.”

“तुमच्यामुळे कसं?”

“सहा महिन्यांची असताना माझ्या हातून निसटली होती. फरशीवर. तू आंघोळीला गेली होतीस.”

“आणि हे मला आज सांगताय?”

“लगेच रडायची थांबली, म्हणून म्हटलं कशाला उगाच...”

“तिला ऐकू येत नाही हे कळल्यापासून तुमच्या आई माझ्या गरोदरपणातल्या गोळ्यांना बोल लावतायत. आल्यागेल्यासमोर! आणि तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात?”

“हळू बोल, ती उठेल.”

“कशानं उठेल? माझ्या आवाजानं?”

तेवढ्यात डॉक्टरबाई दारात आल्या.

“अहो, आधी मला तरी विचारायचं! ही फट नॉर्मल आहे. लहान मुलांच्या कानात पुष्कळदा दिसते, वय वाढेल तशी बहुतेक दिसेनाशी होते.”

“पडल्यामुळे नाही ना?”

“नाही हो. मार लागल्याची कुठलीच खूण नाही. ऐकू न येण्याचं कारण वेगळं शोधावं लागेल.”

“ऐकलंस? सुटलो बाबा!”

“सुटलात? तुमच्या आईंना फोन लावा. स्पीकरवर.”