देवाजीभाऊंची तीन मिनिटं

मंडळी, बसून घ्या. मागच्यांनी पुढं सरका, आज माइक नाही.

बोलायला उभी राहिले खरी, पण थकले आहे. दर वर्षी आपल्या साहित्य संमेलनातलं कोणी ना कोणी जातं, आणि दर वेळी मलाच बोलायला उठवतात. आज सतरंज्या घालताना आपण नुसते एकमेकांकडे पाहत होतो. त्या घालणारा माणूसच गेला. देवाजीभाऊ मेश्राम, एकोडीचे. घरची धानाची शेती आणि संमेलनात पडेल ते काम.

मी बदली होऊन साकोलीच्या शाळेत आले तेव्हा कोणालाच ओळखत नव्हते. वहीत दोन कविता घेऊन संमेलनाला गेले. मंडपाच्या दारात भाऊ. म्हणाले, "बाई, कविता मंग. आधी लोकायले पाणी द्या, हात कमी पडून राहिले." त्या दिवशी पाणी वाटता वाटता मला माणसं मिळाली. तुम्ही सगळे मिळालात.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा तिकडचे कवी आता येतील का, अशी चर्चा आपण करत बसलो. भाऊ म्हणाले, "जिल्हा अलग झाला जी, माणसं काहून अलग होतीन?" आणि त्यांना आणायला बसस्टँडवर जाऊन उभे राहिले. त्यानंतर दर वर्षी उभे राहिले.

आपला एक नियम आहे. राबणाऱ्यानं मंचावर कविता वाचायची नाही. कार्यकर्त्यांनीच वेळ खाल्ला असं कोणी म्हणू नये म्हणून. नियम मी केला. यादी माझी, सूत्रसंचालन माझं, वेळ संपल्याची घंटीही माझी. मी स्वतः दिवसभर मंचावरच असते, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

मागच्या वर्षी आंबागडच्या संमेलनात भाऊ वरणाची बादली घेऊन माझ्यापाशी आले. "बाई, यंदा माहं एक नाव टाकता का? शेवटी टाका." मी यादीतून मान वर केली नाही. म्हटलं, "भाऊ, नियम."

"बरं हाय," म्हणाले, आणि पंगतीत वाढायला गेले.

एवढ्या वर्षांत किती वेळा मागितलं त्यांनी? एकदा. एकदाच.

परवा भाऊंच्या घरी गेले. यशोदावहिनींना कविता मागितली. ती लिहिलेलीच नव्हती. भाऊ शेतात, धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर बसून ती मनाशी म्हणायचे. वहिनी म्हणाल्या, "मी कामात राहो, नीट आयकलं नाही. मले वाटे, संमेलनात मायकावर आयकीन." मग विचारलं, "काहून नाही टाकलं जी त्यायचं नाव?"

मी तशीच उठून आले. वहिनी, आज सगळ्यांसमोर सांगते. चुकलं माझं. नियम सांभाळला, माणूस पाहिला नाही.

इथं बसलेल्या प्रत्येकाची कविता भाऊंनी ऐकली आहे. त्यांची एक ओळ कोणाला येते? कोणी तरी सांगा ना.

नाही.

शोकसभेत दोन मिनिटं उभं राहतात. आपण तीन राहू. आपल्याकडे एका कवीला तीन मिनिटं मिळतात, ती त्यांना द्यायची राहिली. घंटी मी आणलेली नाही.

उभे राहा, मंडळी. आता येत आहेत एकोडीचे कवी, देवाजी मेश्राम.