ओझोन दिनाचा पाहुणा

नाय वहिनी, उठू नका, आत्ता तर खरी गंमत हाय — तो काय, माईक धरून उभा, दिनानाथ — आजचा प्रमुख पाहुणा! पेणजवळ खाडीकाठच्या शाळेत एका वर्गात होतो आम्ही. आता रोह्यात केवढं प्रस्थ त्याचं! आणि मी तुमच्या रंभाला विज्ञान शिकवते — तर सांगत काय होते, तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा होती, पहिला येईल त्याला पेणच्या वसतिगृहात जागा. मला ओझोनचं नीट कळंना, ह्याला विचारलं. म्हणाला, 'सोप्पं हाय गो शकू, ओझोनला भोक पडलं, त्यातनं ऊन शिरतं, म्हणून पृथ्वी तापते.' मी तेच ठोकून दिलं. परीक्षक हसले — हसले म्हणजे काय, चष्मा काढून डोळे पुसले! मागोमाग हा उठला आणि बरोब्बर बोलला — ओझोन वर राहून कातडी भाजणारे किरण अडवतो, ती गोष्ट वेगळी. पृथ्वी तापते ती कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंनी, ते ऊन आत येऊ देतात आणि जमिनीची ऊब गोधडीसारखी धरून ठेवतात. ठाऊक होतं त्याला! आमचे आबा मिठागरातनं तसेच आलेले, मागं उभे. निकालाची वाट न बघता टोपी घालून बाहेर पडले. जागा ह्याला, आणि मी मिठागरात मीठ ओढायला. पुन्हा पुस्तक हातात यायला किती वर्षं गेली म्हणता!

आणि परवा ह्याचा फोन! सगळं विसरलेला बाबा. 'शकूताई, त्या भोकामुळंच पृथ्वी तापते ना?' मी म्हटलं — व्हय, अगदी बरोबर, ठणकावून सांगा. पुढं तालुक्याचे सगळे विज्ञान शिक्षक बसलेत, बघताय ना? म्हणून तर पाहुणा म्हणून त्याचं नाव मीच — जाऊ द्या, कुणाला बोलू नका हां. शूऽ, आलं, आलं — 'ओझोनला भोक पडलं' — बोलला! बोलला!

हसत का नाय कुणी? टाळ्या? अहो, टाळ्या कसल्या — आणि आमची सातवीची पोरं लिहून घेतायत वह्यांत — थांबा, काय म्हणाला? 'ही माहिती मला तुमच्या शकूबाईंनीच दिली'? — हसले. आता हसले. सगळे मागं वळून, माझ्याकडं... रंभाही बघतेय. तिला सोमवारीच शिकवलंय मी, तिला ठाऊक हाय खरं काय ते — बघतेय, बाई काय म्हणतात.

वहिनी, टाळ्या नका वाजवू. पाय घ्या आत. वाट द्या मला, माईकपाशी जायचंय.