किल्ली क्रमांक एक

तपासनीस : म्हणजे दोन्ही किल्ल्या घरात, कुलूप फोडलेलं नाही, काच फुटलेली नाही, आणि गाडी गेली.

धाकटी : गेली.

थोरली : दिवसाढवळ्या गेली हो! आणि गाडीची मालकीण सहा पावलांवर घरात बसलेली. तेही लिहा.

तपासनीस : आपण कोण?

थोरली : हिची मोठी जाऊ. मागच्या गल्लीत राहते. विम्याचा माणूस चौकशीला येणार म्हणाली, म्हटलं एकटी काय बोलेल, जाऊन बसावं.

धाकटी : बसा ना वहिनी. पण मला बोलू द्या.

थोरली : बोल की. मी काय तुझं तोंड धरलंय?

तपासनीस : किल्ल्या बघू जरा. डब्यात ठेवल्यात?

धाकटी : पोलीस म्हणाले, पत्र्याच्या डब्यात ठेवत जा. पत्र्यातून किल्लीचा संदेश बाहेर जात नाही म्हणे.

थोरली : बैल गेला आणि झोपा केला. गाडीचा पत्ता नाही, किल्ल्यांना मात्र डबा.

धाकटी : सांगितलं म्हणून ठेवल्या. दुसरं काय करणार होते त्यांचं?

तपासनीस : आधी कुठे असायच्या?

धाकटी : दाराशेजारी, त्या खुंटीवर. दोन्ही. ह्यांचा नियमच होता. बाहेरून आलं की आधी किल्ली खुंटीला, मग चपला काढायच्या. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, पण खुंटी काही मी हलवली नाही.

तपासनीस : तिथेच घात झाला. ह्या गाडीला किल्ली लावावी लागत नाही, जवळ आणली की पुरे. किल्ली आणि गाडी सारख्या एकमेकींशी कुजबुजत असतात म्हणा ना. समोरच्या घराच्या कॅमेऱ्यात दिसतंय, एक माणूस तुमच्या दारापाशी पत्ता शोधत असल्यासारखा उभा आहे. खांद्याला पिशवी, पिशवीत यंत्र. त्याने दाराबाहेरूनच खुंटीवरच्या किल्लीची कुजबुज उचलली आणि गाडीजवळच्या जोडीदाराकडे पाठवली. गाडीला वाटलं, किल्ली आली.

थोरली : म्हणजे मेल्याने कशाला हातसुद्धा लावला नाही?

तपासनीस : दाराला नाही, किल्लीला नाही.

थोरली : पूर्वीचे चोर निदान कष्ट तरी करायचे.

धाकटी : मग झालं ना सगळं? तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सही कुठे करू?

तपासनीस : थोडं राहिलंय. गाडी तुम्ही चालवायचात?

धाकटी : नाही. मला येत नाही. ह्यांनी तीनदा शिकवायला घेतलं. तिन्ही वेळा मी भांडून चालत घरी आले.

थोरली : एकदा तर दोघंही चालत आले. गाडी तिकडेच.

तपासनीस : मग घरात दुसरं कोणी चालवणारं?

धाकटी : मुलगा परदेशात असतो. तो सगळं फोनवरून चालवतो. ‘आई, विकून टाक’ म्हणायचा.

थोरली : माझ्या भाच्याने मागितली होती. घरातल्या घरात राहिली असती. हिचं आपलं एकच, असू दे. अगं, कशाला असू दे? दारात धूळ खायला?

धाकटी : धूळ नव्हती तिच्यावर.

तपासनीस : बरं, गॅरेजवाला वगैरे?

धाकटी : दर रविवारी सकाळी यायचा. एक चक्कर मारून आणायचा, बॅटरी उतरू नये म्हणून.

तपासनीस : कुठल्या किल्लीने?

धाकटी : ह्या. दोन नंबरच्या. ही माझी.

तपासनीस : आणि एक नंबरची?

धाकटी : ती ह्यांची. ती मी कोणाच्या हातात देत नाही.

तपासनीस : मॅडम, माझं घोडं तिथेच अडलंय. ही गाडी सगळं लिहून ठेवते. कुठली किल्ली, किती वाजता, कुठलं दार. गाडी बनवणाऱ्यांनी ती नोंद आम्हाला पाठवलीय.

थोरली : गाडी लिहून ठेवते? आमच्या घरात मी सोडून कोणाच्या काही लक्षातसुद्धा राहत नाही.

तपासनीस : रविवारी सकाळी दोन नंबर, ते जुळतंय. पण रोज दुपारी चार वाजता गाडी एक नंबरच्या किल्लीने उघडलीय. चौदा महिने, एक दिवस खाडा नाही. कधी चाळीस मिनिटं, कधी तासभर, मग बंद. गाडी जागची हललेली नाही. आणि एक नंबरची किल्ली तुमच्या मिस्टरांच्या नावावर आहे.

थोरली : अगं बाई!

तपासनीस : मला त्यासाठीच पाठवलंय. जो माणूस हयात नाही, त्याच्या किल्लीने गाडी रोज उघडते. मग एके दिवशी त्याच किल्लीच्या नावावर चोरीला जाते. वरचे लोक विचारणारच ना, रोज कोण येत होतं? ज्याला घर, खुंटी, वेळ, सगळं ठाऊक आहे असं कोण? आज उत्तर मिळालं नाही तर मला ‘संशयास्पद’ असा शेरा मारावा लागेल. मग विमा अडकला, आणि पोलीस पुन्हा दारात.

थोरली : कोण येत होतं गं?

धाकटी : कोणी नाही.

थोरली : चार वाजता अख्खी गल्ली झोपलेली असते. वेळ बरी हेरलीस.

धाकटी : वहिनी, साठीला टेकले मी.

थोरली : मग? साठीला काय दाराला कुलूप घालतात?

धाकटी : तुम्ही जरा आत जाता का? चहा टाका सगळ्यांना.

थोरली : चहा मघाशीच झाला. मी कुठे जात नाही. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा भाऊजी शाळेत जात होते, त्यांच्या डब्यापासून मी बघितलंय. त्यांच्या किल्लीने गाडी कोण उघडतं, ते मलाही कळलं पाहिजे.

तपासनीस : काकू, मला कोणाचं नाव नकोय. नुसतं कारण सांगा.

धाकटी : बॅटरी लिहा.

तपासनीस : त्या वेळात इंजिन एकदाही सुरू झालेलं नाही. आणि चारच्या वेळी त्या किल्लीने ड्रायव्हरच्या बाजूचं दार कधी उघडलेलंच नाही. कायम शेजारचं.

धाकटी : हो. तिथेच बसते मी. बसायचे.

थोरली : एकटी?

धाकटी : माझ्या किल्लीने उघडली तर काही होत नाही. दार उघडतं, बस. ह्यांची किल्ली नेली की गाडी ओळखते. ह्यांची सीट मागे सरकते, आपली आपण. आधी जरा घुटमळते, मग जाते सावकाश. पाय लांब ना ह्यांचे, कुठला पलंग कधी पुरला नाही. मग आरसे वळतात, समोर उजेड लागतो. सगळं ह्यांच्या मापाचं करून गाडी गप्प होते. मी शेजारी बसते.

तपासनीस : आणि?

धाकटी : आणि काय? भाजी निवडते. विजेचं बिल आलं असेल तर वाचून दाखवते. मुलाचा फोन झाला असला तर तो काय म्हणाला ते सांगते, थोडं वाढवून. हे निवृत्त झाल्यापासून आम्ही चारला बाहेर पडायचो. कुठे जायचं ते गाडीत बसल्यावर ठरवायचं. ठरवता ठरवता वाजायचं आमचं, आणि पुष्कळदा निघायचोच नाही. भांडायला गाडीसारखी जागा नाही, शेजारी ऐकत नाहीत, असं ह्यांचं म्हणणं.

थोरली : वेडी आहेस तू.

धाकटी : असेन. म्हणूनच सांगत नव्हते.

थोरली : चौदा महिने! आणि मागच्या गल्लीत मी बसलेय. एक हाक मारवली नाही तुला?

धाकटी : तुमच्याकडे सगळे झोपलेले असतात चारला.

थोरली : आमचे झोपलेलेच बरे. जागे असले की मी बोलायला लागले रे लागले, टीव्हीचा आवाज वाढवतात. मी आले असते. मागच्या सीटवर बसले असते गुपचूप.

धाकटी : तुम्ही? गुपचूप?

थोरली : बसले असते म्हणतेय ना.

तपासनीस : मी असं लिहितो, ‘पत्नी रोज दुपारी गाडीत बसत असे.’ तेवढं पुरेल. संशयाचं काही उरत नाही त्यात.

धाकटी : लिहा. खोटं नाही ते.

तपासनीस : आता एकच ओळ. पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही म्हटलंय, ‘मला काही आवाज आला नाही. चारला बाहेर आले तेव्हा गाडी नव्हती.’ गाडी उघडली तीन बेचाळीसला. उघडताना ती दोनदा वाजते. समोरच्यांनी ऐकलं, त्यांना वाटलं तुमच्याकडचं कोणीतरी आलं. तुम्ही तेव्हा कुठे होतात?

धाकटी : इथेच. ह्या खुर्चीत.

तपासनीस : ह्या खिडकीशी.

धाकटी : हो.

तपासनीस : बरं. काकू, आवाज आला नाही तर नाही आला. माझी काही हरकत नाही. उलट, ऐकूनही उठला नाहीत असं कागदावर आलं, तर वरचे त्याला निष्काळजीपणा म्हणतात आणि दावा फेटाळतात. तेव्हा मी विचारलंच नाही असं समजा.

थोरली : नाहीच ऐकलं तिने. डोळा लागला असेल. दुपारची वेळ.

धाकटी : ऐकलं मी.

थोरली : धाकटे!

धाकटी : दोनदा वाजलं. मग दार लागलं, ह्यांच्या बाजूचं. गॅरेजवाला दार आपटतो, खिडकीची काच हादरते इथली. हे नुसतं टेकवलं कोणीतरी, हलकेच. हे तसंच लावायचे.

तपासनीस : चोर आवाज करणार नाहीच.

धाकटी : ते मला कळतंय हो.

तपासनीस : तुम्ही बाहेर बघितलं नाहीत?

धाकटी : पडदा हाताशी होता. उठायचंसुद्धा नव्हतं, नुसता बाजूला सारायचा. नाही सारला.

थोरली : अगं, पण का?

धाकटी : सारला असता तर दिसलं असतं ना, दुसरंच कोणी आहे ते.

थोरली : म्हणजे तुला ठाऊक होतं?

धाकटी : सगळं ठाऊक होतं. मी काही भ्रमिष्ट नाही, वहिनी. ह्यांचे दिवस मीच केले, ह्यांचे कपडे मीच वाटून टाकले. डोकं सांगत होतं, चोर आहे, ओरड. मी डोक्याला म्हटलं, थांब. थांब जरा. मग इंजिन लागलं. गाडी थोडी जागेवरच उभी राहिली. मी पट्टा लावेपर्यंत हे थांबायचे ना, तशी. आणि गेली.

थोरली : आणि मग?

धाकटी : मग बसून राहिले. चारला उठले, खुंटीवर दोन्ही किल्ल्या बघितल्या आणि पोलिसांना फोन लावला. त्यांना हे काय सांगणार होते? तो पोलीस माझ्या मुलापेक्षा लहान. म्हटलं, काही ऐकलं नाही.

तपासनीस : तेच राहू द्या. मी जबाब आहे तसा पुढे पाठवतो. ‘आवाज आला नाही.’ तुमचं नुकसान होऊन माझा काय फायदा?

थोरली : भलं होईल तुमचं. कर गं सही.

धाकटी : नको. बदला ती ओळ.

थोरली : अगं, गाडी तर गेलीच, आता विमाही घालवतेस? ह्याला खरेपणा नाही म्हणत, खुळेपणा म्हणतात!

धाकटी : खरेपणाचं कुठे काढता? एरवी मी बोलतेच की खोटं. तुमच्या भाच्याला सांगितलं नव्हतं, गाडीचे ब्रेक लागत नाहीत म्हणून?

थोरली : ते खोटं होतं?

धाकटी : उत्तम लागायचे.

थोरली : तो बिचारा अजून सगळ्यांना सांगतो, काकूंनी माझा जीव वाचवला.

धाकटी : सांगू दे. पण हे नको. त्या गाडीने लिहून ठेवलंय, तीन बेचाळीस, एक नंबर. तिच्या लेखी हे आले. तिचं चुकलं, फसली ती, कबूल. पण माझंही तेवढंच चुकलं ना, बरोबरीने? आणि आता मी एकटीनेच कागदावर म्हणायचं, मला नाही बाई काही ऐकू आलं?

तपासनीस : काकू, घाई नको. मी हवं तर उद्या येतो.

धाकटी : उद्या नको. उद्यापर्यंत मी शहाणी होईन.

थोरली : लिहा हो. ती ऐकायची नाही. भाऊजींचं तरी कधी ऐकलंय तिने?

तपासनीस : ‘आवाज ऐकला. बाहेर पाहिले नाही.’ असं?

धाकटी : असं.

तपासनीस : इथे कालावधी भरावा लागतो. पहिला आवाज आल्यापासून गाडी निघून जाईपर्यंत, अंदाजे किती वेळ?

धाकटी : तुमच्या नोंदीत किती आहे?

तपासनीस : पंचावन्न सेकंद.

धाकटी : मग तेवढाच लिहा. मला जास्त वाटला होता.