महानंदाचं उष्टं धपाटं

माझा जन्म जळकोटचा. आमच्याच गल्लीत महानंदाचं घर, दोघी एका ताटात जेवून वाढलो. लहानपणी हापशाचा दांडा लागून तिचा पुढचा दात निम्मा तुटला, तवापासून तिनं भाकरीला दात लावला की मधी एक उंचवटा राहायचा. मी म्हणायची, महानंदे, उंदरानं कुरतडल्यावानी दिसतंय गं. ती म्हणायची, उंदराचं उष्टं खातीस, मग तू कोण?

लग्न होऊन मी इकडं लोह्याला आले, ती चाकूरला गेली. काय सांगू तुला पोरी, माझी ही पिठाची गिरणी, तिच्या दारात म्हशी, भेटायला सवड कुठली. गिरणीच्या आवाजात फोनबी ऐकू येत न्हाई. मग आम्ही डबा सुरू केला. लातूरच्या गाडीचा ड्रायव्हर ओळखीचा, त्याच्या हातानं डबा जायचा, यायचा. रिकामा डबा परत करायचा न्हाई, आन् धाडायच्या आधी आपण एक दात लावायचा, उष्ट्यानं मैतरी तुटत न्हाई म्हणून. मी शेंगदाण्याचे लाडू धाडायची, ती धपाटे.

औंदा संक्रांतीनंतर असाच डबा आला. वरचं धपाटं नेमानं चावलेलं, मधी तो उंचवटा. खाल्लं तर मीठच न्हाई. म्हटलं, म्हातारपणी हात आखडला का काय, इचारावं, म्हणून फोन लावला, तर तिच्या सुनेनं उचलला. म्हणाली, मावशी, तुम्हाला किती फोन केले, आई परवाच गेल्या, काल माती झाली. म्हटलं, मग आज डबा कुणी धाडला? ती हळूच म्हणाली, आमच्या घरात परवापासून चूलच पेटली न्हाई.

ड्रायव्हरला इचारलं. तो म्हणाला, नेहमीच्याच मावशीनं दिला की, पदर तोंडावर होता, बोलल्या न्हाईत.

माझी सून लई भ्याली. आत्याबाई, मेलेल्याच्या घासाला मीठ नसतं, तो डबा नदीत सोडा म्हणाली. मी घासून फळीवर ठेवला. रिकामा धाडायचा न्हाई, आन् धाडलाच न्हाई तर मैतरी मीच तोडली असं व्हायचं. भ्या मलाबी वाटत होतं. एक दिवस दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली, आन् त्या शांततेत डबा वाजला, कुणी नखानं टिचकी मारावी तसा.

मग लाडू केले, एकाला दात लावला, बाजूला मिठाची पुडी ठेवली. सून म्हणाली, बरं केलंत, मिठाला ते भितात, आता येणार न्हाई. म्हटलं, तिला घालवायला न्हाई धाडत, धपाटं अळणी झालतं म्हणून धाडते.

डबा आला. धपाट्यात मीठ बरोबर होतं.

तवापासून चालूच हाय. चाकूरच्या स्टँडवर कोण उभं राहतं ते बघायला मी गेले न्हाई, जाणारबी न्हाई. जितेपणी भेटायला सवड काढली न्हाई, आता पाळत कशाला ठेवायची?

तुझी मैतरीण पुण्याला हाय म्हणालीस ना? तिला काय तरी धाड पोरी, आधी एक घास खाऊन धाड. देव तुमची जोडी राखो. आन् थांब, हे धपाटं घेऊन जा. भिऊ नको, महानंदानं चावलेली बाजू मी खाते, तू इकडचा तुकडा घे.