धाकटीचं प्रकरण

आत्या: तो कोट उचल आणि बस. नीट ठेव, लोकांचा आहे. तसं त्याला काही झालेलं नाही.

भाची: काही झालेलं नाही तर दुरुस्तीला कशाला आणलाय?

आत्या: मला बघायला. एक बाई आली, बाहीला हात लावून म्हणते, जरा सैल करून द्या. मी म्हटलं, सैलच आहे. तर तिचे डोळे भरून आले. माझा हात धरला, टाचण्यांसकट. म्हणते, तुमच्याएवढं मन मला नाही, पण तुमचं नाव घेऊन आता भावाकडे जाते.

भाची: वाचक आहे ती, आत्या. तिला पुस्तक भिडलंय.

आत्या: तिला पुस्तक भिडलं, मला टाचणी.

भाची: चिडू नकोस. मी उद्याच्या कार्यक्रमाचं बोलायला आलेय.

आत्या: मी कुठे चिडलेय? चिडले असते तर दार उघडलं असतं का? इस्त्रीची वायर पायात येईल, सांभाळ.

भाची: ग्रंथालयातला हॉल भरलाय. खुर्च्या बाहेरून मागवल्यात. आधी वाचक बोलणार, कुणाला काय आवडलं, काय खटकलं. मग...

आत्या: ते मी रोज ऐकते. पुस्तक तुझं, वाचक माझ्या दुकानात. मुलाखतीत सांगून बसलीस ना, ही धाकटी म्हणजे माझी आत्या, कपडे दुरुस्त करते म्हणून. दुकान कितीला उघडतं तेवढंच सांगायचं राहिलं.

भाची: अभिमानाने सांगितलं होतं.

आत्या: बँकेतली म्हणते, सुरुवातीला फार पात्रं आहेत, कोण कुणाचं कोण कळेपर्यंत शंभर पानं जातात. समोरचा दुकानदार म्हणतो, इतकं दारिद्र्य एकाच घरात कसं कोंबलं? त्याला म्हटलं, कोंबायला लागत नाही, ते आपोआप येऊन बसतं. आणि शाळेतल्या बाई म्हणतात, सगळ्यांची बाजू मांडलीय, कुणीच वाईट नाही, किती छान.

भाची: तेच तर मला करायचं होतं. कुणीच वाईट नाही.

आत्या: हो ना. घरमालकालासुद्धा प्रकरण दिलंस. त्याने आमचं सामान रस्त्यावर काढलं त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती म्हणे.

भाची: तो माणूस होता, आत्या.

आत्या: माणूसच होता. माझ्या आईच्या ट्रंकेला लाथ मारली ती काय घोड्याने?

भाची: कादंबरी आहे ती. सात माणसं, सात बाजू. बेकारीच्या त्या वर्षांत प्रत्येकाला काय वाटलं असेल, ते मी...

आत्या: असेल. तो शब्द पुस्तकात कुठे दिसला नाही मला. मी शोधला. माझ्या प्रकरणात सगळं ठाम आहे. 'मी खिडकीत उभी होते. दादा खालून जाताना दिसला. मान खाली घालून तो पलीकडच्या बाजूला गेला आणि मला त्याच्या खांद्यावरचं ओझं कळलं. मी त्याला त्याच क्षणी माफ केलं.'

भाची: पाठ आहे तुला.

आत्या: गिऱ्हाइकं म्हणून दाखवतात. मी अकरा वर्षांची होते गं. मला ओझं म्हणजे पाण्याची बादली कळत होती.

भाची: सगळ्यात जास्त पत्रं त्याच प्रकरणावर येतात. लोक म्हणतात, धाकटीने सगळ्यांना सोडवलं.

आत्या: एक म्हातारा पँट आखूड करायला आला होता. म्हणाला, बाकी पुस्तक चांगलंय, पण त्या मुलीचं प्रकरण खोटं वाटतं. एवढी गोड कुणी नसते. त्याची पँट मी सगळ्यांच्या आधी करून दिली.

भाची: मग मला सांगायचं होतंस. विचारायला आले होते मी. याच स्टुलावर बसले होते. म्हटलं, आत्या, त्या घरी कामाला ठेवलं तेव्हाचं सांग. काय म्हणालीस आठवतंय? कापड ताणून धर.

आत्या: धरलंस का?

भाची: धरलं. तासभर धरलं. तू एक अक्षर बोलली नाहीस. आणि फक्त तेव्हाच नाही. लहानपणापासून बघतेय, तुझा विषय निघाला की आमच्या घरात सगळे भांडी आवरायला उठायचे. तू समारंभाला यायचीस, कडेच्या खुर्चीवर बसायचीस, जेवायच्या आधी निघून जायचीस. मी कुणाकडे जायचं होतं? भिंतीकडे?

आत्या: सांगत नाही म्हणजे सांगत नाही. तेवढी पानं कोरी सोडायची.

भाची: कोरी पानं कोण छापतं?

आत्या: मग सहाच बाजू लिहायच्या. सातवी तुझ्या बापाचीच आहे, नुसतं माझं परकर-पोलकं घालून आलीय.

भाची: हे फार झालं.

आत्या: अजून झालेलं नाही. उद्याचं बोल, काय ठरवलंयस?

भाची: बाबा येणार आहेत. ऑपरेशननंतर पहिल्यांदा घराबाहेर पडतील. ते त्यांच्या प्रकरणातलं एक पान वाचतील आणि... वाचकांची इच्छा आहे की धाकटीचं प्रकरण तू वाचावंस. वाचायचं नसेल तर नुसती शेजारी बस.

आत्या: आणि मान हलवू.

भाची: डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना त्रास होईल असं काही नको. ते पुस्तक उशाशी ठेवतात, आत्या. तुझं प्रकरण वाचून दिवा घालवतात. इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदा धड झोप लागतेय. तेवढं तू करू शकत नाहीस?

आत्या: म्हणजे घराला गरज आहे म्हणून मी परत कामाला जायचं.

भाची: असं नाही म्हटलं मी.

आत्या: तसंच म्हटलंस. तेव्हाही असंच गोड बोलले होते सगळे. थोडे दिवस जा, एक तोंड कमी होईल, वडिलांचं औषध निघेल. दादा येईल न्यायला.

भाची: ते सगळं आहे पुस्तकात. कारखाना बंद, आजोबा अंथरुणाला खिळलेले, बाबा जेमतेम सतरा वर्षांचे. त्यांच्या जागी कुणीही असतं तरी...

आत्या: त्याने पाठवलं याचा राग नाही मला. नीट ऐक, कारण हे तुझ्या एकाही वाचकाला कळलेलं नाही आणि तुलाही नाही. पाठवल्याचा राग मी केव्हाच गिळला. घरात खायला नव्हतं, मला दिसत होतं.

भाची: मग कशाचा?

आत्या: त्याचं प्रकरण तूच लिहिलंस ना? तो पहाटे पेपर टाकायचा. कुठल्या रस्त्याला?

भाची: तू होतीस त्याच. त्या घराजवळ आला की पलीकडे व्हायचा. तुझ्याकडे बघवायचं नाही म्हणून. हे मी रचलेलं नाही, बाबांनीच सांगितलं. रडले होते सांगताना.

आत्या: हे मला कधी कळलं?

भाची: म्हणजे?

आत्या: पुस्तकात वाचून कळलं. इथे बसून. काज करत होते, हातातलं टाकून वाचायला घेतलं होतं.

भाची: पण तू... खिडकीतून...

आत्या: खिडकी तुझी. मी मागे असायचे, मोरीत. रस्त्याकडच्या खोलीत मला फक्त पुसायला सोडायचे, तेही सगळे जेवून झोपले की. मी त्याला एकदाही पाहिलं नाही. आई महिन्याकाठी भेटायला यायची. मी विचारायचे, दादा का येत नाही? आई म्हणायची, शहर मोठं आहे, त्याला घर सापडत नाही. मी ते धरून बसले. चार वर्षं. नंतरही. म्हातारी झाले तरी मनात तेच, बिचाऱ्याला घर सापडलं नाही.

भाची: आत्या...

आत्या: समारंभात कडेच्या खुर्चीवर बसून मी त्याच्याकडे बघायचे. म्हणायचे, हा फिरला असेल गल्ल्या गल्ल्या. तुझं पुस्तक आलं आणि कळलं, त्याला घर रोज सापडत होतं. वरून पुढच्याच प्रकरणात तू मला त्याला माफ करायला लावलंस.

भाची: मला माहीत नव्हतं. शपथ सांगते. मला वाटलं, तुलाही ठाऊक असणार. दोन्ही प्रकरणं एकमेकांना भेटावीत म्हणून मी ती खिडकी घातली.

आत्या: भेटली ना. लोक रडले. सुंदर जमलंय म्हणाले.

भाची: पुढच्या आवृत्तीत काढते ते. सगळं काढते.

आत्या: आणि ज्यांनी वाचलंय त्यांच्या डोक्यातून? त्या कोटवाल्या बाईला जाऊन काय सांगशील? ती गेली भावाकडे माझं नाव घेऊन.

भाची: मग मी करू काय? सांग ना. उद्याचा कार्यक्रम रद्द करू?

आत्या: तुझ्या बापाला सांग, मी येणार नाही. कारण विचारलं तर म्हणावं, हॉल सापडला नाही.

भाची: ते... ते बाहेर आहेत. गाडीत. मी तुला तयार करीन आणि मग त्यांना बोलवीन, असं ठरलं होतं.

आत्या: इतका वेळ उन्हात बसवलंस त्याला? ऑपरेशन झालेल्या माणसाला?

भाची: सावलीत लावलीय गाडी. थांब, मी घरी घेऊन जाते त्यांना, आज नको...

(दार ढकलून एक म्हातारा आत येतो. उंबऱ्याशीच थांबतो.)

दादा: गाडीची काच खाली होती. ऐकू आलं.

भाची: बाबा, तुम्ही कशाला उतरलात? चला, आपण घरी जाऊ.

दादा: खिडकीचं मला ठाऊक होतं, छोटे. म्हणजे तू तिथे नसायचीस हे. मोरी मागे होती.

भाची: मग मला का नाही सांगितलंत? लिहून झाल्यावर मी पानन् पान वाचून दाखवलं होतं तुम्हाला.

दादा: बरं वाटत होतं ऐकायला.

आत्या: आईला कुणी सांगितलं होतं, घर सापडत नाही म्हणून?

दादा: मी. तसंच सांग म्हटलं तिला.

आत्या: आणि ती सांगत राहिली.

दादा: तिला दुसरं काय सुचणार होतं? मीच घर चालवत होतो.

आत्या: लेकीला सांगता आलं. छापायला देता आलं. मला सांगायला तेवढी तुला वाट सापडली नाही.

दादा: तुला सांगितलं असतं तर तू गेली असतीस. कडेच्या खुर्चीवर तरी येत होतीस.

आत्या: बघ, बाई, लिहून घे हे. आठवी बाजू. ही पण पटेल लोकांना.

भाची: आत्या, पुरे. त्यांचा श्वास बघ कसा चाललाय.

आत्या: माझाही चाललाय. तो कुणी मोजत नाही.

दादा: बोलू दे तिला. छोटे, मला माफ...

आत्या: नको. ते छापून झालंय, लोकांचं वाचूनही झालंय.

दादा: मग काय बोलू?

आत्या: बोलू नकोस. तू पुष्कळ बोललास, सात तोंडांनी बोललास.

दादा: विचारू?

आत्या: काय?

दादा: त्या घरात तू झोपायचीस कुठे?

भाची: आत्या, पाणी देऊ तुला?

आत्या: तू गाडीत जाऊन बस.

भाची: मी काही लिहिणार नाहीये.

आत्या: हात पिशवीत गेलाय तुझा. जा. दार ओढून घे, आणि गाडीची काच वर कर.

भाची: जाते. बाबा, औषध शर्टाच्या खिशात आहे.

आत्या: गेली. बस, उभा राहू नकोस. तो कोट बाजूला कर. हे बघ, विचारलंस म्हणून सांगते. ऐकून झालं की घरी जायचं. उद्याच्या हॉलात मी दिसणार नाही. आणि मी माफ केलं, असं तू कुणाला सांगणार नाहीस.

दादा: नाही सांगणार. कुठे झोपायचीस?

आत्या: जिन्याखाली. वरून कुणी उतरलं की जाग यायची. पहिले कितीतरी दिवस वाटायचं, तूच आलास.