अकरा मिनिटांचं चित्र

नाही, तुम्हीच मला सांगा, एखादं काम लवकर झालं तर माणसानं आनंद मानावा की तोंड पाडून बसावं? साधा प्रश्न आहे हो! दोन वर्षं, तुम्हाला सांगतो, दोन वर्षं ऑफिसातून आलो की त्या कॉम्प्युटरच्या टेबलाशी, रविवारी जेवून हात पुसले की त्या टेबलाशी... बायको आल्यागेल्याला सांगायची, "हे ना? आहेत की घरात. ती काय, पाठ दिसतेय." मी काही बोललो नाही.

तर ज्या सॉफ्टवेअरपायी हे चाललं होतं ते म्हणजे काय, जाळं काढायचं. कोण कोणाला भेटलं त्याचं चित्र. माणूस म्हणजे ठिपका, भेट म्हणजे रेष. ओपन सोर्स, म्हणजे जगभरातल्या रिकामटेकड्यांनी मिळून फुकट बनवलेलं, त्यातलाच मी एक रिकामटेकडा. आणि वापरणार कोण? माझी सख्खी ताई! ती साथरोगाच्या ऑफिसात. कुठे काविळीची साथ आली, की कोण कुठे जेवलं, कोणाला भेटलं, सगळं भरायचं आणि चित्र काढायचं. त्या चित्राला लागायची अकरा मिनिटं. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "अरे, तुमचं ते एकेक रेष काढत बसतं, तेवढ्यात आमचा चहा होतो." झालं! मी ते मनाला लावून घेतलं.

आता जुनं सॉफ्टवेअर सगळं काम प्रोसेसरकडून करून घ्यायचं. प्रोसेसर म्हणजे एक हुशार हेडक्लार्क, पण एकटा. एक रेष काढणार, चष्मा पुसणार, मग दुसरी काढणार. आणि ग्राफिक्स कार्ड, ते जीपीयू म्हणतात ना, ते म्हणजे हजारो ढ कारकून. अक्कल बेताची, पण "काढा" म्हटलं की सगळे एकदम काढतात! म्हटलं, रेषा यांच्याकडून काढून घेऊ. सोपं वाटतंय ना? मलाही वाटलं होतं!

पहिले सात महिने नुसता काळा पडदा. मग माझ्या मशीनवर दिसतंय, दुसऱ्याच्या मशीनवर नाही. लोक लिहून कळवायचे, "आमच्याकडे सगळे ठिपके एका कोपऱ्यात जाऊन बसलेत," "आमच्याकडे मशीनचा पंखा किंचाळतोय," एकानं तर लिहिलं, "चित्र उत्तम आलंय, फक्त उलटं आहे." मी काही बोललो नाही. सुलटं केलं.

आणि हे मंजूर करणार कोण? तर पंधरा वर्षांपूर्वी ज्या गृहस्थानं हे सगळं सुरू केलं, तो. आम्ही त्याला मूळपुरुष म्हणतो. तीन-तीन आठवडे गप्प, मग एक ओळ. मी आठ हजार ओळींचा कोड पाठवला, त्यावर त्याची ओळ आली, "वेग चांगला. प्रत्यक्ष वापरणारं कोणी 'बरं आहे' म्हणू दे, मग घेऊ." अहो, वापरणारी माझ्या घरातलीच की!

गेलो ताईच्या ऑफिसात. ताई, तिथल्या डॉक्टरीणबाई, आणि कानावर पेन्सिल खोचलेले रेकॉर्डवाले काका, तिघं पुढ्यात चहा घेऊन बसलेले. एका वसतिगृहात कावीळ पसरलेली, चारशे माणसं, बारा हजार भेटी. मी बटण दाबलं, आणि टच्कन, पापणी लवायच्या आत अख्खं चित्र! मी छाती काढून उभा...

तिघांनी कप खाली ठेवले.

"झालं?" ताई म्हणाली.

"झालं!"

"सगळं?"

"सगळं!"

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "मग पहिला कोण?"

"पहिला कोण म्हणजे?"

तेव्हा मला कळलं! हे लोक नोंदी तारखेप्रमाणे भरायचे, आणि आमचा हेडक्लार्क त्याच क्रमानं रेषा काढायचा. ही तिघं चहा पीत बघत बसायची, कोणता ठिपका आधी उमटतो, रेषा कुठून पसरत जातात... मागच्या साथीचं मूळ त्यांनी असंच शोधलं होतं. सॉफ्टवेअरच्या माहितीत हे कुठे लिहिलेलं नाही, मूळपुरुषालाही ठाऊक नाही! आणि माझे हजारो कारकून सगळं एकदम काढणार, पहिला कोण नि शेवटचा कोण, त्यांना काय देणंघेणं!

म्हटलं, तारखेप्रमाणे रंग देतो. "काकांना रंग नीट ओळखू येत नाहीत रे." मग आकडे देतो. "बारा हजार आकडे वाचत बसू?" मग ताई माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "तिथे अजून रोज दोघं-तिघं आजारी पडतायत. जुनंच परत बसवून दे ना, राजा."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मी काही बोललो नाही. जुनं परत बसवून दिलं. दुसऱ्याच मिनिटाला काका ओरडले, "टाकी धुणारा!" उरलेली नऊ मिनिटं नुसती खात्री करायला. पाण्याची टाकी बंद केली, महिनाभरात साथ ओसरली. माझं यात काय योगदान? मी मध्येमध्ये केलं नाही.

घरी येऊन मी काय केलं असेल? त्या हजारो कारकुनांना रांगेत उभं केलं. एकानं रेष काढायची, बाकीच्यांनी बघायचं! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लाखो रेषा काढणाऱ्या कार्डाला हळू काढायला शिकवायचं, चार महिने लागले हो! ताई बघून म्हणाली, "बरं आहे." मूळपुरुषानं घेतलं! नव्या आवृत्तीत माझं काम! बायकोनं शेजाऱ्यांना बोलावून माझं तोंड दाखवलं. आणि पत्रं काय, शिक्षक लिहितायत, पत्रकार लिहितायत, "हळू चित्र फार छान, काय चाललंय ते कळतं तरी." आता सॉफ्टवेअर उघडलं की हळूच सुरू होतं. जलद हवं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन शोधा. कोणी जात नाही. मी काही बोललो नाही.

आणि गेल्या मंगळवारी मूळपुरुषाच्या एक नाही, चक्क तीन ओळी! "एका नव्या सहकारी बाईंच्या लक्षात आलं, इतकं हळू काढायला ग्राफिक्स कार्ड लागतच नाही. त्यांनी ते काढून सगळं परत प्रोसेसरवर आणलंय, आठ हजार ओळी कमी झाल्या. यातले जाणकार तुम्हीच, तपासून मत द्या."

तपासलं ना! मी दोन वर्षांपूर्वी काढून टाकलेला तोच भाग, ओळीला ओळ. कुठे एखादी चूक सापडते का म्हणून दोनदा वाचलं, तीनदा वाचलं... एक नाही हो, एकसुद्धा नाही! मग खाली लिहिलं, "उत्तम काम. घ्यायला माझी हरकत नाही."