पंजा आणि दोन बोटं

सुनंदाबाई : तुझ्या बहिणीचं, भूमिकाचं लग्न होऊन अजून वर्ष नाही झालं, तेजस. मांडवाचे बांबू अजून मागं पडलेत. आणि तू विमान घेऊन आलास?

तेजस : आणलं नाही, आई. अहमदाबादलाच उभं आहे. आणि घेतलं की नाही, तेच मला कळत नाहीये.

सुनंदाबाई : म्हणजे? भाजी घेतली तरी माणसाला कळतं.

तेजस : आबांना विचार. सौदा त्यांनी केला.

गिरधरआबा : मी कुठं केला? मी फक्त हात दिला.

तेजस : हात दिला म्हणजे सौदा झाला, असं गाडीत तुम्हीच म्हणालात.

गिरधरआबा : म्हणालो. ते बी खरं शे.

सुनंदाबाई : नातवानं हौसेनं न्यायचं आणि आजोबांनी सौदा करून यायचं! मला कोणीतरी नीट सांगा.

तेजस : मगनशेठचं जुनं विमान आहे. चौदा जण बसतात, मध्ये न उतरता लंडन गाठतं. आपली केळी तिकडं जायला लागली, म्हटलं बघून तरी यावं. दलाल होता, वकील होता, इंजिन बघायला माझा माणूस होता. परवा संध्याकाळी भावाची गोष्ट निघाली आणि आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून शेठच्या हातावर टाकलं.

सुनंदाबाई : बैलबाजारासारखं?

गिरधरआबा : मग? बठ्ठ्यांसमोर, चारचौघांत, भाव बोलतात का? तो उपरण्याखाली बोटांनीच सांगायचा. आन शेठ काही नवखा नाही. तरुणपणी आपल्याकडं कापूस घ्यायला यायचा. उपरणं पाहिलं आन लहान पोरासारखा हसला. दलालाला मात्र वाटलं, म्हाताऱ्यांना थंडी वाजतेय.

सुनंदाबाई : बरं, भाव काय ठरला?

गिरधरआबा : त्यानं आधी माझा पंजा धरला. मग दोन बोटं दाबली. मी मान हलवली.

तेजस : बावन्न कोटी. तेवढी माझी तयारी आहे, आई.

गिरधरआबा : तेच तर, बाबा. पंजा धरून सोडला आन मग दोन, तर बावन्न. न सोडता दोन, तर पाच आन दोन सात, म्हणजे सात दहा. मग ते सत्तर.

तेजस : आबा! गाडीत बसताना बावन्न सांगितलंत!

गिरधरआबा : बसताना बावन्नच होतं. नवापूर गेलं आन मला शंका आली.

तेजस : मध्ये हात सोडला होता का? आठवा ना जरा.

गिरधरआबा : सोडला. पण तेव्हाच त्याला खोकला आला. खोकल्यानं सोडला का भावासाठी सोडला, ते मी कसं सांगू?

सुनंदाबाई : आणि सत्तर असले तर?

तेजस : तर केळी पिकवायचं कोल्ड स्टोरेज विकावं लागेल. धुळ्याची कापसाची जिनिंग मिलही. त्यापेक्षा सरळ नाही म्हणतो. कागद कुठं झालाय?

गिरधरआबा : कागद तुमचा. हात माझा गेलाय. सत्तर असले तर सत्तर.

सुनंदाबाई : आबा, सगळं विकून आम्ही काय त्या विमानात संसार मांडायचा? भांडता कशाला, शेठना फोन लावा.

गिरधरआबा : उपरण्याखालचं फोनवर विचारतात का कुठं? हसतील ते.

सुनंदाबाई : हसू देत. लाव रे.

(तेजस फोन घेऊन अंगणात जातो. बराच वेळ बोलतो आणि परत येतो.)

गिरधरआबा : हसले ना?

तेजस : शेठचा मुलगा होता. भाव काय ठरला, ते तोच मला विचारत होता.

सुनंदाबाई : त्याला ठाऊक नाही?

तेजस : शेठनी घरी एवढंच सांगितलं होतं, की शिरपूरच्या गिरधरभाऊंना विचारा. ते सांगतील तो भाव.

गिरधरआबा : मी? मी काय सांगू? त्याला म्हणावं, बापालाच विचार. घरातच तर शे.

तेजस : आबा, मगनशेठ वारले. काल, मंगळवारी पहाटे.